तक्रार तिची, तक्ता त्याचा

प्रिय इरा आणि नील,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "डॉक्टरकीतल्या गमतीजमती" लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी एका कागदावर सतरा गमती क्रमवार मांडल्या. मग गेल्या रविवारी मेलबर्नहून इराचा फोन आला आणि तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

इरा, तुझं मेडिकलचं तिसरं वर्ष. तू विचारलंस, "आजी, तू बाई डॉक्टर, त्यातून मराठी. तिथल्या आपल्या बायका तुला सगळं सांगत असायच्या ना?"

मी म्हटलं, "हो, अगदी सगळं."

फोन ठेवला, चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेपर्यंत मला कळलं होतं की मी नातीला खोटं सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे. अंकाच्या वाचकांनी तुमच्या खांद्यावरून डोकावून वाचलं तर माझी हरकत नाही. नावं सगळी बदलली आहेत. जिच्याविषयी मुख्यतः लिहिलं आहे, तिला आधी वाचायला दिलं. तिने परवानगी दिली आणि एक शब्द खोडला. कुठला, ते त्या जागी आल्यावर सांगेन. माझं मराठी इस्त्री केल्यासारखं असतं, असं तुमचे आजोबा म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्याला इलाज नाही.

नीलसाठी आधी थोडं कामाविषयी. आयर्लंडमध्ये माणसाला काही झालं की तो स्वतःहून स्पेशालिस्टकडे जात नाही. आधी फॅमिली डॉक्टर, म्हणजे इथल्या भाषेत जी.पी. तो तपासतो, औषध देतो, आणि गरज वाटली तर हॉस्पिटलला पत्र लिहितो. त्या पत्राशिवाय पुढचं दार सहसा उघडत नाही. एका पेशंटला पंधरा मिनिटं. त्यातली पहिली तीन हवामानावर जातात, आणि खरी तक्रार बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाला, दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगितली जाते. आमच्या कामातलं मोठं कौशल्य म्हणजे ते दारातलं वाक्य खुर्चीत बसल्या बसल्या बोलायला लावणं.

डब्लिन विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या दवाखान्यात आम्ही चार डॉक्टर होतो आणि बाई मी एकटी. त्यामुळे रिसेप्शनवरच्या बर्नीने एक सोयीची वाटणी करून टाकली होती. घसे, गुडघे आणि विमानतळावर सामान उचलून धरलेल्या पाठी डोनलकडे. पाळी, बाळंतपण आणि रडू माझ्याकडे. "लेडी डॉक्टरकडे देते तुम्हाला, ग्रँड होईल सगळं," असं ती फोनवर सांगायची. डोनल आमच्यातला सगळ्यांत जुना. हात हलका, विनोद जड. साठीच्या बाईचं रक्त काढून झालं की तिला "गुड गर्ल" म्हणायचा. त्यावरून मी त्याला अनेकदा सुनावलं होतं. तो कान पकडायचा आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तेच म्हणायचा.

माझ्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. माझी, टेबलाच्या कडेला पेशंटची, आणि भिंतीला लागून तिसरी, सोबत आलेल्या माणसासाठी.

त्या तिसऱ्या खुर्चीवर एकदा ब्रीडा नावाची बाई बसली होती. पेशंट तिचा नवरा टॉम, बसचा ड्रायव्हर, सहा फूट उंच. इथल्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचा उल्लेख "हिमसेल्फ" असा करतात. आपल्याकडच्या "आमचे हे"ची सख्खी बहीण शोभेल असा शब्द.

"हिमसेल्फला झोप नाही डॉक्टर," ब्रीडा म्हणाली. "पोट बिघडलंय. मी त्याला सांगते, संध्याकाळी चीज खाऊ नकोस."

"टॉम, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"त्याला काही वाटत नाही. पुरुष आहे तो," ब्रीडा म्हणाली.

मी तिला, बाहेर बर्नीकडे एक फॉर्म भरायचा आहे, असं सांगून पाठवलं. फॉर्म वगैरे काही नव्हता. दार लागल्यावर टॉमने वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "डेपोत गाडी लावली की मी पाच मिनिटं उतरत नाही. मला रडू येतं. तिला सांगू नका." पोट आणि चीज हे सगळं निमित्त होतं. पुढे त्याच्यावर उपचार झाले आणि ब्रीडालाही त्याने स्वतःच सांगितलं.

मला त्या फॉर्मच्या थापेची लाज वाटली, पण युक्तीचा अभिमानही वाटला. मी आमच्या मीटिंगमध्ये विषय काढला. बायकांच्या तक्रारी नवरे सांगतात, नवऱ्यांच्या बायका, आणि आपण मान डोलावत लिहून घेतो. थापा मारण्यापेक्षा सरळ नियम करू. मी तो नियम टाइप केला, लॅमिनेट केला आणि स्वतः चारही दारांवर चिकटवला: "प्रत्येक प्रौढ पेशंटशी डॉक्टर काही वेळ एकट्याने बोलतील." पट्टी लावून, चारही दारांवर एकाच उंचीवर.

"शाळेत आल्यासारखं वाटतंय," डोनल म्हणाला.

"तुला शाळेचीच गरज आहे," मी म्हटलं.

चारही दारांवर म्हणजे माझ्याही दारावर.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत आपली मंडळी इथे भराभर वाढली. आम्ही आलो तेव्हा डब्लिनमध्ये मराठी ऐकायचं तर आजोबांशी भांडण काढावं लागायचं. आता सँट्रीत एकेका इमारतीत पुण्या-नागपूरची चार-चार घरं. मराठी डॉक्टर आहे म्हटल्यावर लोक दोन बस बदलून माझ्याकडे यायला लागले. मला सगळे काकू म्हणायचे. मला ते फार आवडायचं. इतकी वर्षं "डॉक्टर" ऐकल्यावर "काकू" ऐकणं म्हणजे थंडीतून घरात शिरल्यासारखं.

एका जूनमध्ये निखिल आणि केतकी आले. दोघंही नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले, तिशी नुकतीच ओलांडलेली. केतकी मुखदुर्बळ वगैरे अजिबात नव्हती. ऑफिसात ती टेस्टिंगच्या टीमची प्रमुख होती, लोकांच्या चुका काढायचाच तिचा पगार, असं ती स्वतःच हसून म्हणाली. मग ती पेशंटच्या खुर्चीत बसली, निखिल तिसऱ्या खुर्चीत, आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"काकू, हिला थकवा येतो, धाप लागते. मी दोन महिन्यांचा डेटा ठेवलाय."

तो तक्ता बघून मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. आयुष्यभर "जरा बरं वाटत नाही" आणि "मधूनमधून दुखतं" ऐकलेल्या डॉक्टरसमोर तारखा, झोपेचे तास, घड्याळाने मोजलेले नाडीचे ठोके, जेवण, चाललेली पावलं, सगळं रंगीत रकान्यांत! तुम्हाला आजी माहीत आहे. मसाल्याच्या डब्यांवर तारखा घालणारी बाई मी. मला माझ्या जातीचा माणूस भेटला.

"पाळी नियमित आहे का?" मी विचारलं. विचारताना मी केतकीकडेच पाहत होते, एवढं आठवतं.

"कॉलम एफ," निखिल म्हणाला. "अठ्ठावीस दिवस, चार दिवस फ्लो, नॉर्मल. अ‍ॅपवरून घेतलंय."

केतकीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. मी लिहून घेतलं.

आता तू विचारशील, इरा, की दारावरच्या नियमाचं काय झालं? नियम मला पाठ होता. पण मनात म्हटलं, हा पोरगा बायकोची किती काळजी घेतो. त्याला "जरा बाहेर बस" म्हणणं म्हणजे त्याच्यावर संशय घेण्यासारखं. आपल्या लोकांत असं बरं दिसत नाही. शिवाय मी बाई आहे, मराठी आहे, काकू आहे. काही असेल तर ती मला सांगेलच. दारावरचा तो कागद मी डोनलसाठी लावला होता, टॉम आणि ब्रीडासाठी लावला होता. आपल्यासाठी नाही.

रक्त तपासलं, लोह फार कमी निघालं. शाकाहारी मुलगी, दगदगीची नोकरी. मी गोळ्या दिल्या, पालक आणि खजूर सांगितलं. ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा आले. तक्त्यात गोळ्यांचा नवा रकाना होता, एकही दिवस चुकलेला नव्हता, आणि लोह जेमतेम वाढलं होतं. तिथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. तरुण बाईच्या शरीरात लोह टिकत नाही, म्हणजे रक्त कुठून तरी जातंय, हे तू दुसऱ्या वर्षालाच शिकली असशील. मी पुन्हा विचारलं, निखिलने पुन्हा कॉलम एफ सांगितला. मी गोळी बदलली आणि म्हटलं, "परक्या देशात मन लागायला वेळ लागतो गं. मंडळात येत जा."

ती आली. सप्टेंबरमध्ये ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमधल्या गणपतीला, निखिलच्या आईला घेऊन. त्या मुक्कामाला आल्या होत्या. बाई हौशी, माझ्याकडून त्यांनी अळूवड्यांची कृती लिहून घेतली. मग प्रसादाच्या रांगेत मला केतकी दिसली आणि मी म्हटलं, "काय गं, गोळ्या चालू आहेत ना? चेहरा सुधारलाय." पुढच्या चार बायका वळून तिच्याकडे पाहायला लागल्या. "कसल्या गोळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

आधी मी हे वाक्य "मी हळूच म्हटलं" असं लिहिलं होतं. केतकीने खोडलेला शब्द तो. "हळूच" नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी बर्नी माझ्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली. तिने दार लावलं म्हणजे काहीतरी गंभीर.

"सँट्रीची तुमची केतकी आहे ना? तिने आज डोनलकडे अपॉइंटमेंट घेतली आहे."

"माझ्या वेळा भरल्या असतील."

"दहाची रिकामी होती. मी दिली तिला. ती म्हणाली, कुठलेही डॉक्टर चालतील, फक्त मॅडम नकोत." बर्नीने माझ्या टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं. "तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

मला राग आला. आज लिहितानाही तो आठवतो आणि लाज वाटते. मला वाटलं, मी या मुलीसाठी काय कमी केलं? आणि गेली कोणाकडे, तर "गुड गर्ल"वाल्याकडे!

दुपारी डोनल माझ्या खोलीत आला. या वेळी विनोद नव्हता. "तिला विचारून तुला सांगतोय," तो आधी म्हणाला. मग त्याने सांगितलं. निखिल लॅपटॉप घेऊन आत आला होता. डोनलने दारावरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हटलं, "बाहेर पाच मिनिटं बसा, प्लीज. आमच्या हेडमिस्ट्रेसचा नियम आहे, मोडला तर मला मार पडतो." निखिल हसून उठला. दार लागल्यावर डोनलने केतकीला एकच विचारलं, "तक्त्यात काय नाही?"

मार्च महिन्यापासून तिला दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात होतं. विशेषतः पतिपत्नीच्या संबंधानंतर. निखिलला तिने ते कळू दिलं नव्हतं, आणि अ‍ॅपमध्ये ती फक्त पाळीच्या तारखा भरायची. डोनलने विचारलं, तपासणी लेडी डॉक्टरकडून करून घ्यायची आहे का? ती नको म्हणाली. मग नर्सला खोलीत बोलावून, प्रत्येक गोष्ट आधी सांगून त्याने तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी त्याला काहीतरी दिसलं, जे तिथे असायला नको होतं. त्याने तातडीचं पत्र त्याच दिवशी पाठवलं.

"कदाचित काही नसेलही," तो म्हणाला.

पण आम्हा दोघांनाही माहीत होतं की कदाचित असेल. केतकी बत्तीस वर्षांची होती. त्यांना मूल हवं होतं. मला ते माहीत होतं, कारण सासूबाईंनी अळूवड्यांच्या कृतीबरोबर तेही सांगितलं होतं. जून ते ऑक्टोबर, चार महिने मी पालक आणि खजुरात घालवले होते. हॉस्पिटलचा रिपोर्ट येईपर्यंत रोज सकाळी टपाल उघडताना मी ते महिने बोटांवर मोजायचे, जणू मोजून ते कमी होणार होते.

रिपोर्ट आला. कर्करोग होता, पण अगदी सुरुवातीचा. छोट्या ऑपरेशनने तेवढा भाग काढता आला. गर्भाशय वाचलं. मोठ्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं होतं की चार महिन्यांच्या उशिराने बहुधा फरक पडला नाही. मी त्या "बहुधा" शब्दाबरोबर अजून राहते आहे.

ती बरी झाल्यावर मी बर्नीमार्फत विचारलं, मला तिला भेटता येईल का? दवाखान्यात नको, म्हणाली. एका शनिवारी स्वोर्ड्समधल्या एका कॅफेत दोघं आले. मी तिची माफी मागितली. आयर्लंडमध्ये माणसं दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणतात, त्यामुळे मी मुद्दाम मराठीत म्हटलं, "माझं चुकलं." आणि मग, स्वभावाला औषध नाही म्हणतात तसं, पुढे जोडलं, "पण मी पाळीचं विचारलं होतं गं तुला."

"विचारलंत काकू," ती म्हणाली. "पण उत्तर निखिलकडून घेतलंत."

मी माझा कप बशीत सरळ करून ठेवला.

"त्याने सांगितलं, तुम्ही लिहून घेतलंत. आता मी वेगळं बोलले असते तर तो तुमच्यासमोर खोटा पडला असता. आणि ते रक्त कधी जातं हे सांगायचं म्हणजे आमच्या दोघांचं सगळंच सांगायचं. तुम्हाला? आईंना अळूवड्या शिकवणाऱ्या काकूंना?"

"मग डोनलला कसं सांगितलंस?"

"ते कुठे प्रसादाच्या रांगेत भेटणार आहेत मला?"

निखिल इतका वेळ साखरेची पुडी दुमडत बसला होता. पोरगा अर्धा झाला होता त्या महिन्यांत. "काकू, माझा एक कॉलम राहिला," तो म्हणाला.

केतकीने त्याच्या हातातली पुडी काढून घेतली. "निख्या, तो कॉलम तुझा नव्हताच रे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मी तिसरी खुर्ची उचलून दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ठेवली. सोबत आलेल्याला मुळातच आत जागा नाही; पेशंटने स्वतः बोलावलं तर खुर्ची उचलून आत आणायची. पहिल्या आठवड्यात आपल्या दोन जावयांना आणि एका सासूबाईंना राग आला. "काकू, आम्ही काय परके?" मी म्हटलं, "सगळ्यांना हाच नियम." गणपतीच्या हॉलमध्ये मी कोणाच्याही तब्येतीची चौकशी करणं सोडलं. एक बाई म्हणाल्या की मला शिष्टपणा आला आहे. आला असेल.

आणि मी डोनलला सांगितलं की "गुड गर्ल"बद्दल मी पुन्हा बोलणार नाही. तो म्हणाला, "नाही, ते तू बोलत राहा. ते माझं चुकतंच."

माणसाबद्दलची संवेदनशीलता ही आपण स्त्री असण्याबरोबर किंवा एका गावचे असण्याबरोबर फुकट येते, असं मी धरून चालले होते, इरा. डोनलला तसं काही धरून चालता येत नव्हतं. म्हणून तो बिचारा नियम पाळत होता.

केतकी पुढे डोनलकडेच जात राहिली. तपासण्या नीट येत गेल्या. ती कधी कॉरिडॉरमध्ये दिसली तर "काय काकू, कशा आहात?" म्हणायची आणि मीही "मजेत" म्हणायचे. चार वर्षं एवढंच. मी तिच्यावर हक्क सांगायला गेले नाही, पण दर सकाळी यादीत तिचं नाव शोधायची सवय मात्र गेली नाही.

निवृत्तीआधीच्या माझ्या शेवटच्या दिवशी यादीत बारा नावं होती. अकरावं तिचं होतं. मला वाटलं, बर्नीची गफलत. बर्नी म्हणाली, "गफलत नाही. तिने तुमचंच नाव घेतलं."

मी दार उघडलं. दोघं आले होते. निखिल न सांगता बाहेरच्या खुर्चीत बसला आणि त्याने फोन खिशात घातला. केतकी आत आली, तिने स्वतः दार लावलं आणि ती टेबलाच्या कडेच्या खुर्चीत बसली. हवामानाविषयी आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मी विचारलं, "काय होतंय?" आणि मग गप्प राहिले. मला गप्प राहणं किती अवघड जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हात मांडीवर ठेवले. बाहेर बर्नीचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"डॉक्टर," केतकी म्हणाली. काकू नाही. डॉक्टर. "एक गोष्ट आहे, ती मी डोनललाही सांगितलेली नाही."

ती काय होती, ते इथे लिहिणार नाही. तुम्हालाही सांगणार नाही, फोनवर विचारू नका.

तुमची,
आजी